एका उड्डाणात दोन सूर्योदय

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं आणि ऑस्ट्रेलिया इंग्लंडपासून एका दिवसात लांब गेला. नकाशावर काहीच हललं नव्हतं. सिडनी होतं तिथेच होतं आणि लंडनही. पण दोन्ही शहरांना जोडणारी हवाई वाट ज्या मुक्कामांवरून जात होती, त्यातला मोक्याचा मुक्काम जपान्यांच्या हाती गेला होता. विमानाच्या तिकिटावर आपण किलोमीटर आणि तास शेजारी शेजारी वाचतो, आणि दुसरा आकडा पहिल्यातूनच निघतो असं धरून चालतो. त्या वर्षी हा हिशेब साफ कोलमडला. तो पुन्हा जुळवायला एका छोट्या विमान कंपनीने जे केलं, त्याची गोष्ट ऑस्ट्रेलियाबाहेर फारशी कोणी सांगत नाही.

आधी ती जुनी वाट. क्वांटास ही क्वीन्सलँडच्या माळरानावर १९२० साली सुरू झालेली कंपनी. १९३४ मध्ये तिने ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेजबरोबर भागीदारी केली, आणि १९३८ पासून सिडनीच्या रोज बे बंदरातून इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनपर्यंत एम्पायर जातीच्या फ्लाइंग बोटी जाऊ लागल्या. फ्लाइंग बोट म्हणजे खालचं अंग होडीसारखं असलेलं, पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान. लांब पक्क्या धावपट्ट्या तेव्हा जगात फार थोड्या होत्या, पाणी मात्र सगळीकडे. साउथॅम्प्टन ते सिडनी हा प्रवास नऊ-दहा दिवसांचा. दिवसा उडायचं, रात्री हॉटेलात झोपायचं. हिंदुस्थानात ही विमानं कराचीला, राजसमंद तलावावर, शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या तलावावर, मग अलाहाबाद आणि कलकत्त्याला पाण्यात टेकत. अशी वाट तुकड्यातुकड्यांची असते, आणि एक तुकडा गेला की सगळी निकामी होते. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर पश्चिमेकडचा तुकडा गेला होताच. मग आफ्रिकेतल्या दरबानहून कैरो, कराची, कलकत्ता, सिंगापूर करत सिडनीला जाणारी घोड्याच्या नालेसारखी वळलेली वाट काढली गेली. सिंगापूर पडल्यावर ती कलकत्त्यापाशीच थांबली.

त्या महिन्या-दीड महिन्यात क्वांटासची माणसं आणि विमानं दोन्ही गेली. ३० जानेवारीला कोरिओ नावाची फ्लाइंग बोट तिमोरच्या किनाऱ्याजवळ जपानी लढाऊ विमानांनी पाडली. तेरा जण मेले, पाच वाचले. त्या पाचांत जखमी कप्तान ऑब्रे कोख होता, पोहत किनाऱ्याला लागलेला. २८ फेब्रुवारीला जावाहून ब्रूमकडे निघालेली सर्सी पोचलीच नाही. ३ मार्चला ब्रूमच्या बंदरावरच हल्ला झाला आणि जावाहून पळून आलेल्या निर्वासितांनी भरलेल्या विमानांबरोबर क्वांटासची कोरिना जळाली. त्यानंतर लंडनहून सिडनीला पत्र पाठवायचं तर ते अटलांटिक ओलांडून अमेरिकेत, तिथून पॅसिफिक ओलांडून ऑस्ट्रेलियात, किंवा मग केपला वळसा घालून बोटीने. सैन्याचे हुकूम आणि सरकारी कागद याच वाटांनी आठवडेच्या आठवडे रेंगाळत येत.

तेव्हा उरला होता एकच रस्ता, हिंदी महासागर सरळ ओलांडण्याचा. हा विचार कोणाला सुचलाच नव्हता असं नाही. १९३९ च्या जूनमध्ये पी. जी. टेलर हा ऑस्ट्रेलियन वैमानिक पोर्ट हेडलँडहून निघून कोकोस, दिएगो गार्सिया, सेशेल्स करत मोम्बासाला पोचला होता. हिंदी महासागर विमानाने ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. विमान होतं रिचर्ड आर्चबोल्ड या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाचं, ‘गुबा’ नावाचं, आणि ऑस्ट्रेलियन सरकारने ते मुद्दाम भाड्याने घेतलं होतं, कारण जपानशी युद्ध झालं तर सिंगापूरची वाट तुटेल ही धास्ती तेव्हाच होती. पण टेलर बेटाबेटावर थांबत गेला. १९४३ मध्ये तशी चैन शिल्लक नव्हती. अंदमान, सुमात्रा, जावा आणि ख्रिसमस बेट हे सगळं जपानच्या ताब्यात. पर्थहून श्रीलंकेच्या दक्षिण टोकाकडे सरळ रेघ ओढली तर ती मध्यावर कोकोस बेटांजवळून जाते. ती बेटं ब्रिटिशांकडे होती, तरी शत्रूच्या विमानांच्या टप्प्यात होती. म्हणून कुठेही न थांबता जायचं ठरलं. अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर.

क्वांटासचा प्रमुख हडसन फिश यासाठी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मागे लागला होता. देशसेवा हा भाग होताच, पण फिश धंदेवाईक माणूस होता. युद्धभर इंग्लंडच्या वाटेवर क्वांटासचं एकही विमान दिसलं नाही, तर युद्धानंतर ती वाट आपल्याला कोणी परत देणार नाही, हे त्याला कळत होतं. मला तरी यात काही वावगं वाटत नाही. धाडसाच्या मागे असा रोकडा हिशेब असला की ते धाडस जास्त काळ टिकतं. अखेर ब्रिटनने कॅटालिना जातीची विमानं दिली. एका टोकाचा तळ पर्थला, स्वान नदीच्या काठी नेडलँड्स इथे. शेजारीच अमेरिकन नौदलाच्या कॅटालिनाही होत्या. दुसरं टोक म्हणजे गॉलजवळचं कोगला सरोवर, जिथे ब्रिटिश हवाई दलाच्या फ्लाइंग बोटींचा तळ होता. याच कोगलाहून ४ एप्रिल १९४२ रोजी टेहळणीला निघालेल्या लिओनार्ड बर्चल या कॅनेडियन वैमानिकाला कोलंबोवर चालून येणारं जपानी आरमार दिसलं होतं. पाडलं जाण्याआधी त्याने रेडिओवरून खबर दिली आणि दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्याच्या वेळी कोलंबो जागं होतं. बर्चलने उरलेलं युद्ध जपान्यांच्या कैदेत काढलं.

आता विमानाचा हिशेब, कारण या साऱ्या प्रकरणाचा जीव त्यात आहे. कॅटालिना हे दोन इंजिनांचं, १०४ फूट पंखांचं विमान. दणकट आणि मंद. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास चालायचं. म्हणजे ५,६५० किलोमीटरला वारा कसाही असो, अठ्ठावीस तासांच्या आगेमागे वेळ धरायलाच हवी. साध्या टाक्यांत एवढं इंधन मावत नव्हतं, म्हणून आत जादा टाक्या बसवल्या. सगळं मिळून जवळपास नऊ हजार लिटर पेट्रोल, वजनात साडेसहा टन. भरलेल्या विमानाचं वजन सोळा टनांच्या घरात जाई. त्यासाठी बंदुका काढल्या, चिलखती पत्रे काढले, पंखांवरचं बर्फ हटवणारी यंत्रणा काढली, आतलं अस्तरही काढलं. शत्रूच्या टापूतून नि:शस्त्र जाणं हा शौर्याचा देखावा नव्हता. बंदुकीच्या वजनाइतकं पेट्रोल जास्त नेता येत होतं, एवढंच.

इतकं करून उतारूंसाठी आणि टपालासाठी जागा उरली अर्ध्या टनाहूनही कमी. तीन माणसं आणि ६९ किलो टपाल. टपालात मुख्यतः सरकारी आणि लष्करी कागद. सैनिकांची पत्रं सूक्ष्म फिल्मवर उतरवून पाठवायची सोय तेव्हा निघाली होती, म्हणून एवढ्याशा वजनातही पुष्कळ मजकूर मावे. तरीही नऊ हजार लिटर जाळून तीन माणसं! शांततेच्या काळात असा प्रस्ताव मांडणाऱ्याला कोणत्याही कंपनीच्या संचालकांनी दाराबाहेर काढलं असतं.

वजनाचा आणखी एक अर्थ होता. पाण्यावरून सुटताना हे विमान लांबच लांब धावे आणि सुटल्यावरही कमी उंचीवरून जाई. पहिले कित्येक तास ते इतकं जड असे की एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर ते हवेत राहू शकत नव्हतं. अशा वेळी पेट्रोल समुद्रात ओतून टाकायचं आणि जमेल तितकं परत फिरायचं, हाच उपाय. पेट्रोल जळत जाई तसं विमान हलकं होई आणि धोका कमी होई. म्हणजे घरापासून जितकं दूर, तितकं सुरक्षित. भरलेल्या टाक्यांवर ते जास्तीत जास्त छत्तीस तास हवेत राहू शकत होतं, आणि सगळ्यांत लांबलेला प्रवास ३२ तास ९ मिनिटांचा झाला. त्या दिवशी हाताशी चार तासांचंही पेट्रोल उरलेलं नव्हतं, आणि समुद्रात वाट विचारायला कोणी नव्हतं.

वाट विचारायचीही सोय नव्हतीच, कारण रेडिओ बंद. विमानातून एक शब्द बाहेर गेला तरी शत्रूला त्याची दिशा काढता आली असती. ऐकायला मनाई नव्हती, सांकेतिक मोर्समध्ये हवामानाची बातमी तेवढी कानावर येई. हिंदी महासागरात त्या काळी रेडिओची किती धास्ती होती, याची एक खूण आपल्या किनाऱ्यावर आहे. ९ मार्च १९४३ च्या रात्री, कॅटालिनांची सेवा सुरू होण्याच्या चार महिने आधी, कलकत्त्याच्या काही वयस्क इंग्रज हौशी सैनिकांनी पोर्तुगीज गोव्यातल्या मुरगाव बंदरात शिरून ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर हल्ला केला. तटस्थ बंदरात अडकून पडलेलं हे जहाज पाणबुड्यांना ब्रिटिश बोटींच्या बातम्या रेडिओवरून पुरवतं, असा इंग्रजांचा आरोप होता. जहाज तिथेच बुडालं.

मग वाट दाखवायची ती ताऱ्यांनी. क्वांटासने आपल्या पाच विमानांना नावं दिली व्हेगा, अल्टेअर, रायजेल, अँटारिस आणि स्पायका. आपल्या पंचांगाच्या भाषेत बोलायचं तर अभिजित, श्रवण, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा. नॅव्हिगेटर रात्री असेच तेजस्वी तारे सेक्स्टंटने धरत, त्यांची उंची मोजत आणि कोष्टकं उघडून आपण कुठे आहोत ते कागदावर मांडत. पण विषुववृत्ताजवळ ढगांचे डोंगर उभे असतात, आणि तिथे तासन् तास एकही तारा दिसत नसे. तेवढा वेळ वेग, दिशा आणि वाऱ्याचा अंदाज यांवर भरवसा. अठ्ठावीस तासांत वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तरी श्रीलंकेसारखं मोठं बेटही बाजूला राहून जाऊ शकतं.

निघण्याची वेळ अशी बेतलेली असे की सुमात्रा आणि अंदमानवरच्या जपानी विमानांच्या टप्प्यातला पाणपट्टा अंधारात पार व्हावा. पर्थहून निघालेल्या विमानाला हा पट्टा उत्तरार्धात लागे, म्हणून ते पहाटे सोडायचं. थोड्या वेळाने विमानात पहिला सूर्योदय. मग पूर्ण दिवस, नुसतं पाणी. मग रात्र. आणि कोगला गाठायच्या आधी दुसरा सूर्योदय. या सेवेला पुढे ‘डबल सनराइज’ हे नाव पडलं ते यावरून. उतारूंना कंपनीकडून एक प्रमाणपत्र मिळे, ‘दोन सूर्योदयांच्या गुप्त संघा’चं सभासदत्व देणारं. एकाच उड्डाणात चोवीस तासांहून जास्त वेळ हवेत काढल्याची ती पावती. ही मजा कागदावरची. प्रत्यक्षात अस्तर काढलेल्या, थंड पडणाऱ्या त्या पोकळीत दोन इंजिनांचा आवाज डोक्यावर घेत सव्वा दिवस बसून राहणं हे काय असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

कारभार पाहणाऱ्यांत बिल क्राउदर होता आणि उडवणाऱ्यांत रसेल टॅप हा जुना, अनुभवी कप्तान. १९४३ च्या जूनअखेरीस सेवा सुरू झाली आणि नोव्हेंबरपासून ती कोगलाच्या पुढे कराचीपर्यंत वाढवली गेली, कारण लंडनकडून येणारी ब्रिटिश विमानं कराचीला भेटत. कोगला ते कराची ही सरळ रेघ नकाशावर ओढून पाहा, ती गोव्यावरून जाते. अर्थात पहिल्या टप्प्यापुढे हा दुसरा म्हणजे विश्रांतीच.

आता निकाल. जुलै १९४५ मध्ये कॅटालिनांची सेवा थांबली तेव्हा २७१ वेळा महासागर ओलांडून झाला होता आणि ६४८ उतारू पोचले होते. एकही विमान हरवलं नाही, एकही माणूस गेला नाही. प्रत्येक उड्डाणाला सरासरी अडीच माणसंही पडत नाहीत, असा हिशेब मांडून कोणी हसेल. त्याने हेही पाहावं, की सेवा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला असताना, ७ जुलै १९४३ रोजी, जपान्यांनीही याच महासागरावरून विमान सोडलं होतं. ‘की-७७’ हे खास लांब पल्ल्यासाठी बांधलेलं विमान सिंगापूरहून जर्मनांच्या ताब्यातल्या क्रिमियाकडे निघालं. रशियाच्या हद्दीत शिरायचं नाही म्हणून त्यांनी समुद्राची वाट धरली. ते विमान पुन्हा कोणाला दिसलं नाही. क्वांटासच्या यशात नशिबाचा वाटा नव्हता असं मी म्हणणार नाही. पण दोनशे एकाहत्तर वेळा नुसतं नशीब साथ देत नाही. त्यामागे मेकॅनिकांचे हात होते, आणि त्यांची नावं इतिहासात फारशी नोंदलेली नाहीत.

कॅटालिना असतानाच तिची जागा घेणारं विमान आलं होतं. १९४४ च्या मध्यापासून क्वांटासने चार इंजिनांची लिबरेटर विमानं याच महासागरावर घातली. ही जमिनीवर उतरणारी, त्यामुळे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या एक्समथ आखाताजवळून निघून कोलंबोच्या रत्मलानाला पोचत. अंतर कमी आणि वेग जास्त, म्हणून वेळ सतरा तासांच्या आसपास आली. या सेवेला ‘कांगारू’ हे नाव मिळालं आणि क्वांटासच्या विमानावर कांगारूचं चित्र पहिल्यांदा आलं ते याच लिबरेटरवर. मे १९४५ मध्ये लँकेस्टर बॉम्बफेकी विमानावरून बेतलेलं लँकेस्ट्रियन आलं आणि इंग्लंड ते सिडनी तीन दिवसांत होऊ लागलं. उतारू मात्र त्यातही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

कॅटालिनांचं पुढे जे झालं ते वाचून वाईट वाटतं. ती विमानं अमेरिकेच्या उधार-उसनवारीच्या करारातून आलेली. युद्ध संपल्यावर एक तर पैसे मोजा, नाही तर परत करा, नाही तर नष्ट करा, अशी अट. पैसे मोजायला कोणी तयार नव्हतं. महासागर एकदाही ज्यांना गिळू शकला नाही ती विमानं माणसांनी स्वतः समुद्रात नेऊन बुडवली, त्यातली बहुतेक पर्थसमोरच्या रॉटनेस्ट बेटापलीकडे. एक तरी संग्रहालयासाठी ठेवायला हवं होतं.

पुढचा भाग झपाट्याने सांगता येतो. १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटासचं कॉन्स्टेलेशन सिडनीहून लंडनला निघालं, सहा मुक्काम करत चार दिवसांत पोचलं, आणि त्यातले दोन मुक्काम कलकत्ता आणि कराची होते. फिशचा हिशेब खरा ठरला होता, वाट क्वांटासकडेच राहिली. मग जेट आली. ऑगस्ट १९८९ मध्ये क्वांटासचं एक नवं कोरं जम्बो लंडनहून सिडनीला कुठेही न थांबता २० तास ९ मिनिटांत आलं, पण जवळजवळ रिकामं. मार्च २०१८ पासून पर्थ ते लंडन अशी थेट प्रवासी सेवा सुरू झाली. अंतर १४,४९८ किलोमीटर, वेळ साधारण सतरा तास. अंतर कॅटालिनाच्या अडीच पटींहून जास्त, वेळ मात्र दहा-अकरा तासांनी कमी.

पण अंतर आणि वेळ यांचं नातं आजही १९४२ सारखं बिघडतं. रशियाचं आकाश २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना बंद झालं, तेव्हा हेलसिंकी-टोकियो या नऊ-साडेनऊ तासांच्या प्रवासाला तेरा तास लागू लागले. फिनएअरची विमानं उत्तर ध्रुवावरून वळसा घेऊ लागली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश नाकारलं आणि दिल्लीहून अमेरिकेकडे निघालेल्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधन भरायला व्हिएन्नात उतरावं लागलं. घरी बसून दोन विमानतळांमधलं अंतर काढणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला मिळणारी रेघ कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही.

सिडनी ते लंडन थेट उतारू नेण्याच्या आपल्या योजनेला क्वांटासने नाव दिलं आहे ‘प्रोजेक्ट सनराइज’, त्या पाच कॅटालिनांच्या आठवणीतून. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये लंडन-सिडनी चाचणी उड्डाणाला १९ तास १९ मिनिटं लागली, आणि २०२२ मध्ये त्यासाठी एअरबसची खास लांब पल्ल्याची बारा विमानं मागवली गेली. ही सेवा चालू झाली की अंतराचा नवा विक्रम होईल. ३२ तास ९ मिनिटांचा विक्रम मात्र तिथेच राहील, आणि तो मोडण्यासाठी कोणी तिकीट काढेल असं मला वाटत नाही.